एका लाकडाचे दोन दरवाजे

दरवाजा पुन्हा अडला, आणि थोरलीला पहिल्यांदा आठवला तो सुतार. चांगल्या अर्थाने नाही.

तिने कडी धरून ओढलं, उंबऱ्याला पाय टेकवून ओढलं, मग सुताराच्या सात पिढ्यांचं नाव घेऊन ओढलं, तेव्हा कुठे वरचा कोपरा कुरकुरत सुटला आणि ती धपकन मागे बसली. सून धावत आली. लागलं का आई, असं तिने विचारलं आणि हसू दाबलं. थोरलीने धावणंही पाहिलं आणि दाबलेलं हसूही पाहिलं. लक्षात ठेवलं ते दुसरं.

घर नवं होतं. वाळूच्या टेकाडावर, सगळ्या किनाऱ्यावरून दिसेल असं, थोरलीने हट्टाने बांधून घेतलेलं. जन्म सगळा गल्लीतल्या जुन्या घरात गेला होता, पुढे बेकरी, मागे दोन खोल्या, खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. म्हातारपणी तरी डोळ्यांसमोर समुद्र हवा, असं तिने ठरवलं, आणि तिने ठरवलं की घरात दुसऱ्या कुणी काही ठरवायचं शिल्लक राहत नसे. टेकाडाचा माथा तिनेच सपाट करून घेतला. वाळूभर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल तिनेच मुळासकट उपटायला लावली, कारण वेल म्हटली की साप आला आणि तिच्या अंगणात साप चालणार नव्हता.

धाकटीने मात्र यायला नकार दिला. धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे नवरे गेलेले, धाकटीला मूलबाळ नाही, आणि बेकरी दोघींनी मिळून ओढत आणलेली. धाकटी एवढंच म्हणाली होती, "वाळू म्हणजे जमीन नव्हे, जाऊबाई." थोरलीला ते झोंबलं. तुला माझं चांगलं बघवत नाही, असं ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मुलगा, सून आणि पाळण्यातली नात घेऊन टेकाडावर राहायला गेली, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद, पण बेकरी कशी बंद ठेवणार? पहाटे थोरली टेकाडावरून उतरून यायची. एकाच काथवटीत दोघी समोरासमोर बसून पीठ मळायच्या, आणि जे काही सांगायचं ते पिठाला सांगायच्या. "आज मीठ कमी दिसतंय," असं थोरली पिठाकडे बघून म्हणायची. "मीठ बरोबर आहे, जिभेचं बघून घ्यावं," असं धाकटी पिठाला कळवायची. गिऱ्हाइकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. भट्टीवर असणारा थोरलीचा मुलगा आई आणि काकूच्या मध्ये कधी पडत नसे. भट्टीची धग परवडली, असं तो म्हणायचा.

आता दरवाज्याचं. जुन्या बेकरीचं पुढचं दार कुजलं होतं, आणि त्याच सुमारास टेकाडावरच्या घरालाही दार हवं होतं. सुताराने एकच मोठा ओंडका आणून त्याचे दोन दरवाजे केले, एक इथे बसवला, एक तिथे. गाठी, रेषा, रंग, सगळं जुळ्या भावंडांसारखं. आणि वर्ष झालं नाही तोच थोरलीचा दरवाजा अडायला लागला. धाकटीचा अडत नव्हता. यातच काय ते आलं, असं थोरलीचं म्हणणं होतं. बेकरीचा दरवाजा ती रोज हाताने ढकलून बघायची. एका बोटाने लागायचा. तिला ते बोट चावल्यासारखं व्हायचं.

सुतार पहिल्यांदा आला तेव्हा दमट हवेने लाकूड फुगलंय म्हणाला, आणि वरच्या कडेवर रंधा मारून गेला. काही दिवस बरं चाललं. मग पुन्हा अडला. पुन्हा रंधा. मग दाराखालच्या फटीतून वारा आणि वाळू आत यायला लागली, तेव्हा त्याने खालच्या कडेला एक पट्टी ठोकून दिली. तीही पुढे अपुरी पडली, तिच्यावर दुसरी आली. वरून काढायचं आणि खाली जोडायचं, असा उद्योग चालला. कानावर पेन्सिल अडकवून तो खाली मान घालून काम करायचा आणि थोरली डोक्यावर उभी राहून त्याला ऐकवायची. आतलं पक्कं लाकूड धाकटीला दिलं आणि बाहेरचं कच्चं मला, हे तिने त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, एकाच ओंडक्याचं आहे, बाई. पण म्हणताना तो स्वतःही दरवाज्याकडे असा बघत होता की जणू त्यालाच खात्री नव्हती. थोरलीने तेही टिपलं. चोराच्याच चेहऱ्यावर असं असतं, असं तिने रात्री सुनेला सांगितलं.

सुनेवरही तिचा डोळा होताच. पाळणा खोलीच्या मधोमध टांगला होता, आणि तो हल्ली समुद्राकडच्या खिडकीच्या कट्ट्याला आपटायला लागला होता. दोरी एकीकडे लांब बांधतेस, लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून तिने सुनेला दोनदा दोरी सोडून बांधायला लावली. दोऱ्या सारख्याच निघाल्या. पाळणा तरीही आपटला. मग सून मुद्दाम करते, असं ठरलं. दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं की दूध एका अंगाला जास्त दिसायचं. त्यात ओटा बांधणारा गवंडी अडकला.

सगळ्यात मोठा संशय मात्र वालाच्या टेकूंचा होता. घर बांधायच्या आधी मोजणीवाले साहेब येऊन टेकाडाच्या समुद्राकडच्या कडेला लाल टोकांचे खांब रोवून गेले होते, याच्या पुढे काही बांधू नका म्हणाले होते. थोरलीने त्यांना पाणीही विचारलं नव्हतं. ही माणसं कुणा हॉटेलवाल्याची आहेत, आपल्याला हुसकून इथे मजले चढवायचे आहेत, हे तिने त्यांच्या बुटांवरून ओळखलं होतं. पण खांब चांगले होते. ते कशाला उपटा? तिने तिथेच वालाचे दाणे टोचले आणि वेल खांबांवर चढवले.

तर ते खांब एक एक करून नाहीसे व्हायला लागले. वेलासकट. सकाळी जाऊन बघावं तर कडेचा आणखी एक गेलेला. सरपण कुणाला लागतं? भट्टी कुणाकडे आहे? थोरलीने मुलगा जेवायला गेल्यावर भट्टीतली राख सळईने उकरून बघितली, लाल रंगाचा कण सापडतो का म्हणून. धाकटी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. पिठालासुद्धा नाही.

आणि आणखी एक. थोरली पहाटे बेकरीत पाऊल टाकायची की धाकटी लगेच केरसुणी घेऊन तिच्या मागे झाडायला निघायची. तिच्या पावलापाशीच. जणू थोरली म्हणजे घाण घेऊन येणारी कुणी. थोरली गिळून बसायची. एके दिवशी मळता मळता धाकटी पिठाकडे बघून म्हणाली, "हल्ली वाळू ओली येते." थोरलीला वाटलं, आता हिला माझे पाय धुतलेलेही बघवत नाहीत. तिने पिठावर अशी थाप मारली की पीठ धाकटीच्या कपाळापर्यंत उडालं. विषय तिथेच संपला.

वादळाची बातमी आली ती अशा सगळ्या हिशोबात आली.

सकाळपासून भोंगा लावलेली गाडी रस्त्यांवरून फिरत होती. किनाऱ्यालगतच्या लोकांनी आत यावं, असं सांगत होती. मुलगा म्हणाला, आई, दोन दिवस काकूकडे जाऊ. तो हे खाली बघून म्हणाला, म्हणजे मनात कधीपासून होतं. थोरलीने विचारलं, काकूने शिकवलं का? गाडीवाल्यांनाही तिने बाहेर जाऊन बघून घेतलं होतं. मोजणीवाल्यांचेच भाऊबंद असणार. घर रिकामं करायचं, माणसं गेली की ताबा. तिला काही नवीन नव्हतं.

"मी या घरातून धाकटीच्या दारात जायची नाही," ती म्हणाली. "वादळ काय, आयुष्यभर बघतेय. कड्या लावून बसायचं."

आणि ती कडी लावायला गेली, तर दरवाजा लागेना.

नुसता अडला नाही, चौकटीत शिरेचना. मुलाने खांदा लावला, सुनेने पाठ लावली. वरचा कोपरा चौकटीच्या बाहेरच. वारा आत घुसून भिंतीवरचं सगळं फडफडवत होता, नात किंचाळत होती. सुताराला बोलावणं गेलं. तो वाऱ्यात डोकं घालून आला, रंधा काढला, आणि मग दरवाज्याकडे बघत तसाच उभा राहिला. आता आणखी किती काढू, असं तो हळूच म्हणाला. वर काही उरलं नाही.

थोरलीचा तोल गेला. दार देताना फसवलंस आणि वर मलाच विचारतोस, असं ती म्हणाली. आजच्या आज याचा निकाल लावू. उतरव तो दरवाजा. बेकरीत नेऊ. धाकटीच्या दरवाज्याला लावून उभा करू, आणि गल्लीतल्या सगळ्यांना दाखवू की तिचं लाकूड कसं आहे आणि माझं कसं. एका ओंडक्याचं म्हणतोस ना? चल.

मुलाने तोंड उघडलं आणि मिटलं. आईला टेकाडावरून खाली न्यायची याहून बरी संधी नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने मुकाट्याने बिजागऱ्यांचे खिळे काढायला हात लावला. दार नसलेल्या घरात, अशा वाऱ्यात, सून एकटी लेकराला घेऊन थोडीच बसणार? तिने नातीला शालीत गुंडाळलं, कपड्यांचं एक गाठोडं उचललं. गाठोडं कशाला, असं थोरलीने विचारलं. लंगोट आहेत, आई, असं सून म्हणाली. लंगोटांच्या मानाने गाठोडं मोठं होतं. पण थोरली त्या वेळी सुताराच्या मागे होती, एका वेळी दोघांवर नजर कशी ठेवणार.

अशी मिरवणूक निघाली. पुढे मुलगा आणि सुतार, मध्ये दरवाजा, वारा त्यात शिडासारखा भरून दोघांना फरफटवत होता. मागे थोरली, मागे सून. उतारावरून जाताना थोरलीच्या पावलांखाली वाळू ओली लागली. पाऊस तर अजून आला नव्हता. तिने ते मनात घेतलं नाही. किंवा घेतलं आणि बाजूला ठेवलं.

बेकरीचं दार बंद होतं. आत धाकटी होती, पण थोरलीने हाक मारली नाही. बंदच हवं होतं. आजूबाजूचे लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते, ते हातोडे घेऊन तसेच बघायला थांबले. थोरलीने हात कमरेवर ठेवले. बघा, म्हणाली. लाव रे.

मुलाने आणि सुताराने दरवाजा बेकरीच्या दाराला टेकवून पायरीवर उभा केला. दरवाजा कलला. पुन्हा सरळ केला. पुन्हा कलला. पायरी सरळ होती, ती धाकटीच्या सासऱ्याने, म्हणजे थोरलीच्याही सासऱ्याने, स्वतः बसवली होती. सुताराने खिशातून लाकडाचा तुकडा काढून बिजागरीकडच्या कडेखाली सरकवला. पुरला नाही. आणखी एक सरकवला. तेव्हा कुठे दरवाजा सरळ उभा राहिला.

लाकूड तेच होतं. कुणालाही दिसत होतं. एकाची गाठ जिथे होती तिथेच दुसऱ्याची, रेषा या दरवाज्यातून निघून त्या दरवाज्यात गेल्यासारख्या. फुगलेलं कुठेच नव्हतं. पण वरच्या बाजूला मागचा, बेकरीचा दरवाजा दिसत होता. बिजागरीकडे मुळीच नाही, आणि कडीकडे येता येता चांगला चार बोटं. पाचर कापावी तसा. आणि खाली, ठोकलेल्या पट्ट्यांची तशीच एक पाचर, उलटी, वाढत वाढत गेलेली.

वरून जेवढं गेलं तेवढं खाली आलं होतं.

"रंधा वाकडा तुझा," थोरली म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "मी चौकटीला बसेपर्यंत मारला, बाई. चौकट जशी होती तसाच. मला वाटलं लाकूडच हलतंय. माझं लाकूड म्हणून लाजेने येत राहिलो." तो थांबला. "लाकूड नव्हतं हलत."

पुढचं त्याने म्हटलं नाही. थोरलीला म्हणायची गरजही नव्हती. ती शाळेत फार गेली नव्हती, पण वेडी नव्हती. पाळणा कुठल्या खिडकीला आपटत होता? दूध कुठल्या अंगाला साचत होतं? वालाचे खांब कुठल्या कडेचे गेले? सगळी बोटं एकाच दिशेला होती, आणि ती इतके महिने त्या बोटांच्या मागे माणसं शोधत होती. घर आपल्या डोळ्यांदेखत समुद्राकडे वाकत होतं आणि आपण त्याच्या मापाने दार वाकडं करून घेत होतो.

तेवढ्यात आतून कडी निघाली. दार उघडलं, मुलाने पटकन दरवाजा बाजूला धरला. धाकटी कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी उंबऱ्यात उभी होती. तिने दरवाज्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, शालीतून बाहेर आलेल्या नातीच्या मुठीकडे बघितलं. सगळी गल्ली बघत होती. सून श्वास धरून होती. आता एक शब्द वाकडा पडला तर सासूबाई त्याच पावली उलट्या फिरतील आणि आम्हाला घेऊन फिरतील, हे तिला सासूपेक्षा जास्त ठाऊक होतं.

थोरली सरळ आत गेली. काथवटीत पीठ होतं. ती त्याच्यासमोर बसली आणि पिठाला म्हणाली, "सुताराने दरवाजा बिघडवला. दार नसलेल्या घरात लेकरू झोपवता येत नाही. नवीन होईपर्यंत कुठेतरी राहावं लागणार."

धाकटीही बसली. बाहेर पत्रे वाजायला लागले होते. तिने पिठाचा गोळा उलटा केला. "मागची खोली झाडलेली आहे," ती पिठाला म्हणाली. "अंथरूण घातलेलं आहे."

कुणासाठी घातलं होतं, असा प्रश्न थोरलीच्या ओठांवर आला. येणार असं हिने गृहीत धरलं होतं तर. तिने तो प्रश्न गिळला. गिळायला जड गेला.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, किनाऱ्यावरच्या सगळ्यांची जशी गेली तशीच गेली. सकाळी वारा पडल्यावर थोरली मुलाला घेऊन बघायला गेली. पावाची कड सुरीने उतरवावी तसं टेकाड कापलं गेलं होतं. समुद्राकडची खोली, पाळण्याची, नव्हतीच. स्वयंपाकघर अर्धं होतं आणि ओटा हवेत. दाराची चौकट तेवढी उभी होती, तिरपी, आणि तिच्यातून नुसतं पाणी दिसत होतं. मुलगा वाळूत बसून रडला. थोरलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि समुद्राकडे असं बघितलं की जणू त्याच्याकडूनही काही कबूल करून घ्यायचं होतं. एक शेजारी म्हणाला, वेळेवर निघालात, बाई. "दरवाजा दुरुस्तीला नेला होता," थोरली म्हणाली, आणि उतरली.

बेकरीत पाय टाकला तशी धाकटी केरसुणी घेऊन आली. थोरलीने खाली बघितलं. तिच्या पायांची वाळू फरशीवर चिकटून बसली होती, ओली.

दोघी मळायला बसल्या. मग थोरलीने मान वर केली आणि जावेच्या तोंडाकडे बघितलं. वर्षात पहिल्यांदा.

"खरं सांग. तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक कुठलं. आधी तुमच्या पायांबरोबर कोरडी वाळू यायची. मग ओली यायला लागली. वाटेपर्यंत पाणी येत असणार, एवढं वाटलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," धाकटी म्हणाली. "पिठाला."

थोरलीचे हात थांबले. सून भट्टीजवळ उभी होती, तिने तोंड फिरवलं. हसू दाबलं असणार, पण आज थोरलीने तिकडे बघितलं नाही.

"पीठ बहिरं असतं," ती अखेर म्हणाली. "यापुढे मला सांगत जा."

दुपारी सुतार आला. तो वाकडा दरवाजा पायरीपाशी भिंतीला टेकवलेला होता, त्याचं काय करू, असं त्याने विचारलं. सरळ कापला तर एखादी खिडकी तरी निघेल. हात लावू नकोस, असं थोरलीने सांगितलं. राहू दे तसाच. मग तिने बेकरीचा दरवाजा उघडला, बंद केला, वरची फट बघितली, खालची फट बघितली, गुडघ्यावर बसून बिजागरी बघितली. एका बोटाने ढकलला. आवाज न करता लागला. तिने पुन्हा उघडून पुन्हा ढकलला. पुन्हा लागला. सुतार पेन्सिल कानावर ठेवून वाट बघत उभा होता, आणि त्याला ऐकवायला आता आपल्याकडे काहीच उरलं नाही, याचं थोरलीला मनापासून वाईट वाटलं.